१३ ॲक्टिव्हिटी, आठवड्याला ६३ तास: एका कॉलेज ॲडमिशनचं प्रकरण

पार्श्वभूमी

ही केस आमच्या ओळखीतल्या एका मराठी घरातली आहे, कॅलिफोर्नियातली. घरच्यांना विचारूनच लिहितेय, पण नाव, गाव, शाळा, कुठल्या कॉलेजने काय सांगितलं ते सगळं गाळलंय आणि दोनचार बारीक गोष्टी मुद्दाम बदलल्यात. मी काही पैसे घेणारी कन्सल्टंट नाही. माझी स्वतःची दोन मुलं या चक्रातून गेली, आणि तेव्हापासून दर वर्षी ओळखीतली दोनतीन मुलं लॅपटॉप घेऊन आमच्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसतात, एवढंच.

मुलगी अकरावीत, म्हणजे ज्युनियर इयर. मोठी पब्लिक हायस्कूल. मार्क उत्तम, त्या वर्षी पाच एपी (शाळेतच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे विषय), डोक्यात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग. घरी आईबाबा, धाकटा भाऊ आणि आजी. आजींना पार्किन्सन्स आहे. मार्च महिन्यात तिच्या आईचा फोन आला, "तू एकदा बस ना तिच्याबरोबर, आमचं काही ऐकत नाही, रात्री दीडला झोपते आणि सकाळी रडते." बाबांचं म्हणणं वेगळंच होतं. ते म्हणाले, "ताई, मार्कांचं टेन्शन नाहीये, प्रोफाइल कमी पडतंय."

हा प्रोफाइल शब्द मी आता इतक्या घरांत ऐकलाय की घरात कोणी आजारी असावं तसं लोक त्याच्याबद्दल बोलतात, कमी पडतंय, सुधारतंय, अजून सुधारलं नाही.

अडचण नेमकी काय होती

पहिल्या दिवशी मी तिला फक्त यादी लिहायला सांगितली, काय काय करतेस आणि आठवड्याला किती तास. डिबेट १०, रोबोटिक्स ९, थिएटर क्रू ८, भरतनाट्यम ६, व्हायोलिन ५, टेनिस ५, मॉडेल यूएन ४, हॉस्पिटलमध्ये व्हॉलंटिअरिंग ४, लहान मुलांना कोडिंग ३, शाळेचं वर्तमानपत्र ३, मग मॅथ क्लब, सर्व्हिस क्लब आणि रविवारची मराठी शाळा प्रत्येकी २. एकूण १३ गोष्टी, ६३ तास.

आठवड्यात तास असतात १६८. शाळेचे ३५ धरा, रोज सात तास झोप म्हणजे ४९, आणि हे ६३. उरले २१. त्यात जेवण, आंघोळ, गाडीतला वेळ आणि पाच एपींचा होमवर्क. आणि मग ती सहज म्हणाली की मावशी यात आजीचं नाहीये. आजीचं काय? तर आई लॅबमधून सहाला येते, त्यामुळे सोमवार ते शुक्रवार दुपारी आजींचं औषध वेळेवर देणं, त्यांना चालवणं, फिजिओने सांगितलेले व्यायाम करून घेणं हे सगळं हिच्याकडे. रोजचे अडीच तास. म्हणजे यादी चक्क खोटी होती, मुद्दाम कोणी खोटं लिहिलं होतं असं नाही, पण ६३ तास होणं शक्यच नव्हतं. डिबेटला ती कधी जायची कधी नाही, व्हायोलिनची प्रॅक्टिस महिनोन्‌महिने झालेली नव्हती, मॅथ क्लबमध्ये बसून ती केमिस्ट्रीचा अभ्यास करायची.

बाबांना वाटत होतं की यादीत अजून एक भारी गोष्ट हवी. मला दिसत होतं ते असं, की १३ पैकी १२ गोष्टी शाळेतली कुठलीही हुशार मुलगी लिहील अशा होत्या, आणि ज्या दोन वेगळ्या होत्या, म्हणजे थिएटरचे लाइट्स आणि आजी, त्यातली एक यादीच्या गर्दीत हरवलेली होती आणि दुसरी यादीत नव्हतीच.

कॉलेजं याकडे बघतात कशी

इथे थोडं थांबून सांगते, कारण आमचे निम्मे वाद या माहितीवरून झाले. आधी एक साधी गोष्ट: सगळी कॉलेजं ॲक्टिव्हिटी सारख्या मोजत नाहीत. बहुतेक कॉलेजं दर वर्षी कॉमन डेटा सेट नावाचं कागदपत्र काढतात, त्यात सी७ नावाचा तक्ता असतो, आणि त्यात एक्स्ट्राकरिक्युलरसमोर कॉलेजने स्वतःच खूण केलेली असते, अतिमहत्त्वाचं, महत्त्वाचं, विचारात घेतो किंवा घेत नाही. फुकट आहे, दहा मिनिटांचं काम आहे आणि कोणी बघत नाही. मी तिला आपल्या यादीतल्या प्रत्येक कॉलेजचा तो तक्ता काढायला लावला.

दुसरं, ॲडमिशनमध्ये वंश बघण्यावरून हार्वर्डवर जी केस झाली, २०१८ मध्ये बॉस्टनला खटला चालला आणि २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, त्या केसमुळे त्यांची आतली वाचनाची पद्धत बाहेर आली. अभ्यास, ॲक्टिव्हिटी, खेळ, व्यक्तिमत्त्व अशा वेगवेगळ्या रेटिंग्ज, १ सगळ्यात वरचा. ॲक्टिव्हिटीत १ म्हणजे जवळपास राष्ट्रीय पातळीवरचं काम, २ म्हणजे शाळेत ठसा उमटेल असं योगदान, ३ म्हणजे भाग घेतला पण विशेष काही नाही. आणि ५ हा आकडा वाईट नाही, तो अशा मुलांसाठी आहे ज्यांचा वेळ घरच्या जबाबदारीत किंवा नोकरीत जातो! मी हे बाबांना दाखवलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे आपल्या तेरातल्या बारा ३ मध्ये." हो, तेच.

तिसरं पैशाचं. २०२३ मध्ये राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांचा अभ्यास आला होता. टेस्टमध्ये सारखेच मार्क असले तरी सगळ्यात श्रीमंत १ टक्का घरांतली मुलं आयव्ही-प्लस (आयव्ही लीग आणि स्टॅनफर्ड, एमआयटीसारखी आणखी काही) कॉलेजांत जाण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून जास्त, आणि त्याच्या तीन कारणांपैकी एक म्हणजे अभ्यासाबाहेरच्या गोष्टींचं रेटिंग (बाकी दोन, माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप आणि खेळाडूंची भरती). त्यामुळे ॲक्टिव्हिटी म्हणजे गुणांची निखळ कसोटी असं कोणी सांगितलं तर मी हसते. पण फॉर्म तर भरायचाच असतो.

समोर काय काय पर्याय होते

एक होता नॉनप्रॉफिट. बाबांनी डोमेन विकतसुद्धा घेतलं होतं, जुने टॅब्लेट गोळा करून भारतातल्या शाळांना पाठवायचे, मुलगी फाउंडर. कल्पना वाईट नाही, पण मी तिला विचारलं की तुला यात काय करावंसं वाटतं, तर ती म्हणाली, "लोगो बाबांनी केलाय." मला पुढे काही विचारावं लागलं नाही.

दुसरा होता उन्हाळ्यात एका नामांकित युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसवर तीन आठवड्यांचा पैसे भरून करायचा प्रोग्रॅम. हजारो डॉलर फी. त्या कॅम्पसवर राहिलं की त्या युनिव्हर्सिटीत जायला मदत होते असा खूप घरांत समज आहे. काही समर प्रोग्रॅम खरंच निवडक असतात, फुकट असतात, तिथे मिळालं तर तो मान आहे. पण फी भरली की बहुतेकांना घेणाऱ्या प्रोग्रॅममधून वाचणाऱ्याला एवढंच कळतं की घरच्यांना फी परवडली.

तिसरा पर्याय, आहे तसंच चालू ठेवायचं, काही सोडायचं नाही, कारण सोडलं तर कच्चं दिसतं. ही आईची भीती होती, आणि ती अगदीच चुकीची नव्हती.

चौथा, बरंच काही सोडून थिएटरचे लाइट्स नीट करायचे. हा पर्याय मुलीने स्वतः सांगितला नव्हता, तिच्या मते तो पर्यायच नव्हता. क्रूमध्ये लीडरशिप नसते ना मावशी, आम्ही काळे कपडे घालून मागे असतो, असं तिचं म्हणणं.

मग मी विचारलं मागे नक्की काय करतेस, आणि ती पाऊण तास बोलत होती. शाळेच्या ऑडिटोरियममध्ये ४८ सर्किट्स, लेबलं कोणी कधी लावली देवाला माहीत, नऊ ठिकाणी कन्सोलवर एक नंबर आणि वर पेटतो दुसराच दिवा. हिने दोन शनिवार बसून एकेक दिवा लावून बघितला आणि सगळा नकाशा नव्याने काढला. शिवाय मैत्रिणीच्या अरंगेत्रमला (भरतनाट्यमचा पहिला जाहीर कार्यक्रम) भाड्याच्या हॉलमध्ये समोरून सपाट पांढरा उजेड टाकत होते, तर ही जाऊन म्हणाली की अभिनयाच्या पदाला असा उजेड चालत नाही, डोळे दिसत नाहीत, बाजूने द्या. नऊ वर्षं स्वतः नाचलेल्या मुलीलाच हे कळणार. इंजिनिअरिंग, नाच आणि नाटक या तिन्ही गोष्टी एका जागी होत्या आणि घरात कोणालाच त्या एकत्र दिसल्या नव्हत्या, तिला पण नाही.

काय केलं

एप्रिलमध्ये तिने सात गोष्टी सोडल्या. मॅथ क्लब, सर्व्हिस क्लब, टेनिस, मॉडेल यूएन, वर्तमानपत्र, व्हायोलिन, आणि शेवटी डिबेट. पहिल्या पाचांचं कोणाला काही वाटलं नाही, व्हायोलिनचं आईला थोडं वाटलं. डिबेटवर मात्र घरात दोन दिवस अबोला. तीन वर्षं दिली होती, मेडल एकही नव्हतं, पण कोचशी तिचं फार छान जमायचं. सोडून दे म्हणणारी मी होते, आणि याबद्दल पुढे सांगते, कारण इथे मी चुकले.

नॉनप्रॉफिटवर बाबांनी स्वतःच पडदा टाकला. समर प्रोग्रॅमचं डिपॉझिट भरलेलं नव्हतं ते बरं झालं. त्याऐवजी तिने जवळच्या एका कम्युनिटी थिएटरला ईमेल केली, मग दुसरी केली, मग सरळ तिथे जाऊन उभी राहिली. त्यांनी आधी बिनपगारी घेतलं आणि नंतर तासावर पैसे द्यायची तयारी दाखवली, तर लक्षात आलं की इथे १८ च्या आतल्या मुलांना नोकरीसाठी वर्क परमिट लागतं आणि ते शाळेमार्फत मिळतं, आणि शाळा तर जूनमध्ये बंद झालेली. डिस्ट्रिक्ट ऑफिसच्या फेऱ्यांत दोन आठवडे गेले. एकूण नऊ आठवडे काम झालं. शिडीवर चढायची तिला परवानगी नव्हती, त्यामुळे ती कन्सोलवर आणि क्यू शीटवर (कुठला दिवा कधी, त्याचा तक्ता) बसली, आणि तेच जास्त उपयोगाचं ठरलं कारण परत आल्यावर तिने शाळेच्या क्रूसाठी २२ पानांचं मॅन्युअल लिहिलं. कोणी सांगितलं नव्हतं. म्हणे मी पुढच्या वर्षी नसणार, मग परत लेबलांचा गोंधळ होईल.

यादी लिहिताना

कॉमन ॲपमध्ये (बऱ्याच कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज) जास्तीत जास्त १० ॲक्टिव्हिटी देता येतात आणि प्रत्येकीच्या वर्णनाला १५० अक्षरं. शब्द नाही, अक्षरं, स्पेस धरून. तिचा पहिला मसुदा असा होता (इंग्रजीतला, मी मराठीत सांगते): शाळेच्या नाटकांच्या लाइटिंगमध्ये मदत केली, टीमवर्क आणि वेळेचं नियोजन शिकले. हे वाक्य देशातली हजारो मुलं लिहितात. चार मसुद्यांनंतर झालं ते असं: ७ नाटकांचे लाइट्स, ४८ सर्किट्स तपासून नवा नकाशा, २२ पानी मॅन्युअल, ६ जणांना कन्सोल शिकवला. काय शिकले वगैरे पूर्ण काढून टाकलं.

क्रम ठरवताना आम्ही अडलो. तेव्हा एमआयटीचा फॉर्म कामी आला, तिथे ॲक्टिव्हिटीला चारच जागा. मी म्हटलं तू अर्ज कर किंवा नको करूस, पण चारच लिहायच्या असतील तर कुठल्या? तिने एका मिनिटात लिहिलं: लाइट्स, थिएटरमधली नोकरी, आजी, नाच. रोबोटिक्स पाचवं आलं याचं तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

आणि मग आजीवरून खरा वाद झाला. कॉमन ॲपच्या ॲक्टिव्हिटीच्या प्रकारांत घरच्या जबाबदाऱ्या असा वेगळा प्रकारच आहे, त्यामुळे लिहायला जागा होती. आई म्हणाली, "नको गं, आपण पोरीला घरकामाला जुंपलंय असं वाटेल त्यांना." बाबांना वाटलं सहानुभूती मागितल्यासारखं होईल. मी सुद्धा आधी दहाव्या नंबरवर टाका म्हटलं होतं, घाबरत घाबरत. शेवटी आजींनीच विषय मिटवला, त्या म्हणाल्या की दोन वर्षं ही माझा हात धरून चालवतेय ते लिहायला लाज वाटते आणि टॅब्लेट वाटले असते तर फोटो छापला असतात. तिसऱ्या नंबरवर गेलं. वर्णनात आजार, दुःख काही नाही, फक्त रोज काय करते ते आणि आठवड्याचे साडेबारा तास, फॉर्मसाठी १२ केले. गोल करताना खाली केले, वर नाही.

तासांवरून एक सांगते. बाबांचं म्हणणं होतं की सगळेच वाढवून लिहितात. २०१९ चं व्हर्सिटी ब्लूज प्रकरण, पैसे चारून ॲडमिशन घेतल्याचं, सगळ्यांना आठवत असेल, त्यात तर कधीही न खेळलेल्या मुलांना खेळाडू दाखवलं होतं. आपलं तेवढं नसतं हे मान्य, पण यूसी, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, काही अर्जदारांकडे लिहिलेल्या गोष्टींचा पुरावा मागते, आणि तसंही वाचणारा माणूस बेरीज करू शकतो. मी मार्चमध्ये केलीच होती की.

यूसीचा फॉर्म वेगळा आहे हे आम्ही उशिरा मनावर घेतलं. तिथे ॲक्टिव्हिटी आणि अवॉर्ड मिळून २० नोंदी, प्रत्येकीला ३५० अक्षरं, एसएटी परीक्षेचे मार्क बघत नाहीत, शिफारसपत्रं साधारणपणे मागत नाहीत. म्हणजे तिथे तुमच्या वतीने बोलणारं दुसरं कोणी नाही, सगळं त्या नोंदींवर आणि चार छोट्या उत्तरांवर. तिने आधी कॉमन ॲपचे १५० अक्षरांचे तुकडे तसेच चिकटवले होते, अर्ध्याहून जास्त जागा रिकामी! नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बसून ते पुन्हा लिहिलं. सर्जनशीलतेबद्दलचा जो प्रश्न असतो त्याला तिने अरंगेत्रमच्या बाजूच्या उजेडाबद्दल लिहिलं, ३५० शब्दांत, आणि माझ्या मते तिच्या सगळ्या अर्जात तेच सगळ्यात चांगलं होतं. मुख्य निबंध ठीक होता, जास्त घासलेला.

निकाल

एकूण ११ ठिकाणी अर्ज, पाच यूसी कॅम्पस आणि सहा प्रायव्हेट. अर्लीला, म्हणजे लवकरच्या फेरीत, जिथे केला तिथून डिसेंबरात डिफर (निर्णय पुढे ढकलला) आणि मार्चमध्ये नकार. बाकीच्या पाच प्रायव्हेटपैकी दोन हो, तीन नाही. यूसीत तीन हो, एक वेटलिस्ट (ती पुढे हललीच नाही), एक नाही. ती एका यूसीत इलेक्ट्रिकलला गेली.

आता हे ॲक्टिव्हिटीमुळे झालं का? मला माहीत नाही आणि जो सांगतो त्यालाही माहीत नसतं. मार्क तसेही उत्तम होते. आमच्याकडे पुरावा म्हणावा असा एकच कागद आहे, एका प्रायव्हेट कॉलेजच्या ॲडमिशनच्या पत्राखाली कोणीतरी पेनाने दोन ओळी लिहिल्या होत्या, मॅन्युअल फार आवडलं, आमच्या थिएटरलाही असं हवंय म्हणून. उलट बाजूने सांगायचं तर तिच्याच वर्गातला नॉनप्रॉफिटवाला एक मुलगा, तिला नकार मिळाला त्याच कॉलेजात गेला. बाबांनी मला लगेच फोन केला, "बघा ताई." मी म्हटलं त्या मुलाच्या अर्जात बाकी काय होतं ते तुम्ही वाचलंय का? नाही वाचलं. मी पण नाही. कदाचित ते नॉनप्रॉफिट खरंच चांगलं असेल, त्याचा लोगो त्याने स्वतः केला असेल.

एवढं नक्की झालं की एप्रिलनंतर ती साडेअकराला झोपायला लागली, आणि ज्युनियर इयरचे शेवटचे मार्क वर गेले.

पुन्हा करायचं झालं तर

यादी मार्चमध्ये अकरावीत नाही, दहावीच्या शेवटी करायला हवी होती. उन्हाळा एकच मिळाला, दोन मिळाले असते. वर्क परमिटचं मे महिन्यात शाळा चालू असतानाच बघायचं. यूसीचा फॉर्म ऑगस्टमध्ये उघडतो, तेव्हाच तो वेगळा लिहायला घ्यायचा.

शाळेच्या काउन्सेलरला आम्ही हे बदल फार उशिरा सांगितले. तिच्या शाळेत एकेका काउन्सेलरकडे शेकडो मुलं, त्या बाई जे पत्र लिहितात ते मुलांनी भरून दिलेल्या माहितीवरून. आमच्या मुलीने तो फॉर्म एप्रिलच्या आधी भरला होता, त्यात डिबेट पहिल्या नंबरवर आणि आजींचा उल्लेख नाही. तो बदलून द्यायचं सप्टेंबरमध्ये सुचलं. बदललं, पण त्यांचं पत्र आधीच लिहून झालं होतं की नाही ते कळलं नाही.

आणि डिबेट. सोडायचं होतंच, पण मी तिला सीझन संपेपर्यंत थांब म्हणायला हवं होतं आणि कोचशी समोर बसून बोल म्हणायला हवं होतं. तिने ईमेलवर कळवलं. ते कोच तिचे इंग्लिशचे टीचर पण होते आणि शिफारसपत्र देणार होते, त्यांनी नंतर नम्रपणे नाही म्हटलं. रागाने म्हटलं असं नाही, पण ते जे लिहू शकले असते ते आता लिहायला अवघड झालं असणार. इंग्लिशचं पत्र मग दहावीच्या टीचरकडून घ्यावं लागलं, ज्यांना ती नीट आठवत नव्हती. यादी कमी करताना आम्ही तास मोजले, त्या तासांत कोण माणसं होती ते मोजलं नाही.

जास्तीचं एक पत्र थिएटरच्या सरांचं घेता येईल हे तर ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात डोक्यात आलं, अर्लीची १ नोव्हेंबरची तारीख तोंडावर. ती संकोचत त्यांच्याकडे गेली, त्यांनी दोन दिवसांत पाठवलं. पत्र बघायचा हक्क सोडल्याची खूण तिने आधीच केली होती, बहुतेक मुलं करतात तशी, त्यामुळे काळ्या कपड्यात मागे उभ्या असलेल्या मुलीबद्दल सरांनी काय लिहिलं ते आमच्यापैकी कोणीच वाचलेलं नाही.